काकूंची गोळी

सर, मी काकूंना औषधाच्या चाचणीत घेतलंय आणि आता मला भीती वाटायला लागलीय. परभणीच्या दवाखान्यात मी विसराळू म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासते. मेंदूतल्या पेशींवर निरोप धरायच्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. त्या चेतवून आठवण टिकते का, हे बघणारी एक नवी गोळी आहे. कुणाला खरी गोळी मिळते, कुणाला नुसतीच पांढरी, औषध नसलेली. कुणाला कोणती, ते मलाही माहीत नसतं. आईच्या वतीनं सही करायला तुमच्या लेकीला मीच गळ घातली.

महिन्यातून दोनदा दोघी बोरीहून एसटीनं येतात. मी दहा शब्द वाचते, विळा, चादर, पेरू असे, आणि थोड्या वेळानं परत विचारते. तुमच्या स्वयंपाकघरात मी मूलद्रव्यं पाठ करायची, तेव्हा काकू भाकरी थापत ऐकायच्या आणि मी अडखळले की पुढचं नाव त्याच सांगायच्या. त्याच काकू पहिल्या दिवशी दोन शब्दांवर थांबल्या. मधेच विचारत होत्या, "सर कुठं गेले?" लेक म्हणाली, "शाळेत." त्या निवांत झाल्या.

गेल्या सोमवारी त्यांनी सहा शब्द सांगितले. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. आणि त्या एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर गेले की गं. जिंतूरच्या एसटीतच गेले. लोकांनी एकच चप्पल आणून दिली. मला कुणीच का सांगितलं न्हाई?" मग त्या रडायला लागल्या. तुम्ही आत्ता गेल्यासारखं रडणं, सर. पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. अर्ध्या तासानं त्या विसरल्या. आणि परत आठवलं, परत तसंच रडल्या. गोळीनं, ती खरी गोळी असेल तर, एवढंच दार उघडलंय. दुःख आत येतं, पण मुरत नाही.

सहा हा आकडा लिहून रडणं गाळावं, असं क्षणभर मनात आलं. प्रयोगवहीत मी मनानंच आकडे भरले होते तेव्हा तुम्ही वही माझ्यापुढं टाकून म्हणाला होता, "दिसलं ते लिही. पायजे ते न्हाई." मी सगळं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, घरचे म्हणतील तर आजच थांबवू. पण लेकीनं माझा हात धरला. "नका बंद करू. रडती तर रडू द्या. काल तिनं मला नावानं हाक मारली, दोन वर्सांनी." मी पुढच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या तिच्या हातात दिल्या.

निघताना काकू दारात थांबल्या. "तू आली न्हवतीस त्या दिवशी," म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं आठवल्यासारखं. मी सगळ्यांना सांगत आले होते की तुम्हाला नेलं तेव्हा गर्दीत मागं उभी होते. खरं म्हणजे मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, आतला आक्रोश ऐकला आणि पळाले.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा येतील. त्यांनी दहाच्या दहा शब्द सांगावेत, असं तोंडानं सगळ्यांना म्हणतेय मी. मनात मात्र, सर, त्यांना काहीच आठवू नये असं वाटतंय. आणि ते त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी वाटतंय.