परबच्या गाडीतली गाणी

सोम., ३ नोव्हें.
दत्ता आजही आमच्या कंपनीतल्या परबच्या गाडीतून कामावर गेला. दुसरा आठवडा लागला. आठ वर्षं दिघी ते चाकण माझ्या शेजारच्या सीटवर बसला आणि आता म्हणतो, "राजाभाऊ, परबचं घर जवळ पडतं राव." दोन गल्ल्या! दोन गल्ल्यांसाठी माणूस आठ वर्षं सोडतो?
माझ्या गाडीत नुसता रेडिओ. फोनमधली गाणी रेडिओवर ऐकवणारं, लायटरच्या सॉकेटमधलं एफएमचं डिव्हाइस दत्तानेच पिंपरी कॅम्पातून आणलेलं. फोन त्याचा, गाणी त्याची, रेडिओ ८७.९ वर. आज माझा फोन जोडून पाहिला. एक भजन निघालं आणि बायकोने पाठवलेली ढोकळ्याची रेसिपी.

मंगळ., ४
परबच्या जुन्या गाडीतही नुसता रेडिओच. त्यानेही डिव्हाइस बसवलं. कुठलं स्टेशन मोकळं असतं, हे विचारायला माझ्याकडेच आला होता आणि मी मूर्खाने ८७.९ सांगून टाकलं.
माझं काय चुकलं, आठवून पाहिलं. दिवाळीआधी सलग ओव्हरटाइम झाला तेव्हा मोशीला कंटेनरच्या मागे ब्रेक जरा उशिरा लागला होता. पण लागला ना! दत्ता तेव्हा काही बोललाही नाही.

गुरु., ६
सुटल्यावर चिंबळी फाट्याला जाम. परबची गाडी अगदी शेजारी. माझं डिव्हाइस बंद, रेडिओ नुसता खरखरत होता, आणि एकदम गाणं लागलं. त्यांच्या गाडीतलं, माझ्या रेडिओवर! दत्ताचीच निवड असणार, फोन त्याचाच जोडतात. पण संथ, बासरीचं. असलं काही त्याच्याकडे आहे हे मला माहीतच नाही. मला आठ वर्षं हलगी आणि ढोल, कान बधिर होईस्तोवर. "दुसरं लाव की" म्हटलं तर हसायचा. चांगला माल परबसाठी राखून ठेवला होता तर.
वाकून पाहिलं. दत्ता मान टाकून झोपलेला, तोंड उघडं. माझ्या गाडीत एकदाही डोळा मिटला नाही त्याने. इतका आराम तिथे? जळफळाट झाला. इथे लिहायला लाज कसली.

शुक्र., ७
आज मुद्दाम परबच्या मागोमाग निघालो. कुरुळीजवळ शेजारी लागलो आणि डिव्हाइस चालू करून भजन लावलं. दोन्ही गाड्यांत नुसती खरखर. परब रेडिओवर थापट्या मारतोय. दत्ताने इकडे पाहिलं, हसला आणि हात जोडले. मलाही हसू येत होतं, पण दाबलं.

सोम., १०
कँटीनमध्ये म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर चल." तर ताटाकडे बघत, "घरी विचारून सांगतो."
गाडीत बसायला बायकोची परवानगी! वहिनींनी त्याला डब्यात दिलेली थालीपीठं आठ वर्षं निम्मी मी खाल्ली. त्या कशाला नाही म्हणतील? हे परबनेच शिकवलेलं.

मंगळ., ११
दत्ता आला नाही. परतताना चिंबळीला पुन्हा जाम, पुन्हा परब शेजारी. मी डिव्हाइस बंदच ठेवलं होतं. ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू.
बासरी मधेच तुटली आणि माझ्या गाडीत वहिनींचा आवाज. दत्ताला फोन आलेला, तो माझ्या रेडिओवर. दत्ताचं बोलणं येत नव्हतं, फक्त त्यांचं.
"परबभाऊजींच्याच गाडीत आहात ना?"
पलीकडे दत्ताचे ओठ हलले.
"राजाभाऊजींना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. पण त्यांच्या गाडीत परत बसायचं नाही, माझी शपथ आहे. चालवताना डोळे मिटतात त्यांचे. अजून किती वर्षं गाणी लावून जागं ठेवणार आहात त्यांना?"
रेडिओकडे हात गेला, पण बंद करवेना. दत्ताने इकडे पाहिलं. आज हसला नाही.

बुध., १२
रजा टाकली. बायकोला विचारलं, "माझा डोळा लागतो का गं गाडी चालवताना?" भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग मी पिंपरीला बसने का जाते?"
म्हणजे सगळ्यांना माहीत.
हलगी, ढोल. माझी मान खाली गेली की आवाज वाढवत असणार. स्वतः आठ वर्षं डोळे उघडे ठेवून. परबच्या गाडीत झोपला बिचारा, तर तेही मला बघवलं नाही.
संध्याकाळी परबचा फोन. "मागची सीट रिकामी आसा. येवा की उद्या." दत्तानेच करायला लावला असणार. स्वतः केला नाही. "बघतो" म्हणालो.
पुढे दत्ता, मागे मी, आणि स्टिअरिंगवर परब! अजून पोटात दुखतंय.
सॉकेटमधून डिव्हाइस काढून आणलं. शर्टाच्या खिशात ठेवलंय, त्याच्या गाडीत बिघडलं तर लागेल म्हणून. सकाळी पावणेसहाला नाक्यावर परब येतो.
माझ्या गाडीची किल्लीही त्याच खिशात आहे.