तिच्या हाताचा आवाज

सर, तुम्ही गेल्यावर दिग्रसचा तुमचा टायपिंगचा क्लासही गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी यवतमाळला कचेरीत लागलो आणि उतारवयात एक खूळ पाळलं. की-बोर्ड उघडतो, प्रत्येक बटणाखालचा स्विच काढतो, दुसऱ्या जातीचा बसवतो. कुठला टकटक करतो, कुठला मुकाट दबतो. स्प्रिंगला बारीक ब्रशनं ग्रीस लावतो, तळाला फोम घालतो आणि कान देऊन टाइप करतो. "हे टाइप करून राह्यले का वाटाणे सोलून राह्यले?" बायको विचारते. हौस आहे, असं मी सांगतो. ते खोटं आहे. मला तुमच्या क्लासातल्या त्या पोरीच्या हाताचा आवाज हवा आहे.

तिचं आणि माझं मशीन शेजारशेजारी होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात आणि नुसतं ऐकून माझी करंगळी आळशी असल्याचं सांगायचात. एका दुपारी ती पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. "तिचा हात आयकला का? एकही ठोका कमीजास्त नाही. अशी पोरगी मले पुन्हा भेटणार नाही. तू तं ढेप फोडून राह्यला." वर म्हणालात, "तिले सांगू नको, शेफारंल." तिच्या कागदावर मात्र चुका दाखवणारे तुमचे लाल गोलच असायचे. मी सांगितलं नाही. तुमचं ऐकायची एवढी हौस मला आधी कधीच नव्हती.

गेल्या आठवड्यात ती घरी आली. महागावला असते, केस पांढरे झालेत. टेबलावरचा की-बोर्ड पाहून तिनं गंमत म्हणून दोन ओळी मारल्या. सर, तीन वर्षं मला जो आवाज काढता आला नाही, तो माझ्याच स्विचमधून तिच्या हाताखाली लगेच आला. मी जळलो. या वयात, हातात चहाचा कप धरून जळलो.

निघताना दारात ती थांबली. "सर माह्यावर काहून नाराज राहत होते रे? एकडाव चांगलं म्हटलं नाही. तुह्यापाशी काही बोलले होते का?"

"नाही," मी म्हणालो.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. सांगायला एक मिनिट पुरे. पण मी तिला फोन करत नाही, तुम्हाला लिहितो आहे, कारण तुमच्याकडून तिला काही कळायची भीती नाही.