आजोबांच्या बंदुकीला पॉलिश करू नये

मी, खाली सही करणारी, गाद्या-सोफ्यांच्या दुकानाची मालकीण, वयाने सत्तरी ओलांडलेली, डोक्याने ठणठणीत आणि गुडघ्यांनी अधू, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकट्या भावाने आणून पाहिला, पण त्याचा दबाव माझ्यावर लहानपणापासून चालत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात कॅलेंडरच्या मागे जे काही लिहिलं होतं, ते कोणी धरून बसू नये.

१. माझं दुकान, मागची राहती खोली आणि त्यातलं सगळं सामान माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, मिळावं. काम ती माझ्याच हाताखाली शिकली आहे. शिलाई मशीन जाड कापडावर उजवीकडे पळतं. त्याला तेल पाजून उपयोग नाही, दोन शब्द सुनावावे लागतात. कोणते, ते भाचीला तोंडपाठ आहेत.

२. बँकेत जे काही निघेल ते भाची आणि भावजय यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भावजयीने माझ्याकडून एका दिवसासाठी नेलेलं मोठं पातेलं तिलाच दिलं, असं समजावं. मी आले की ते पलंगाखाली सरकवण्याचा तिचा त्रास तरी वाचेल.

३. समोरचा फर्निचरवाला गिऱ्हाइकांना सांगत असतो की बाई सोफ्यात कापसाऐवजी भुसा भरते. त्याला माझी सर्वांत मोठी वाकडी सुई भेट द्यावी. देताना टोकाकडून द्यावी.

४. आता बंदूक.

ही एकनळी बंदूक माझ्या आजोबांची. ते लाकडाच्या वखारीत राखणदार होते. त्यांच्यामागे ती वडिलांकडे आली आणि वडिलांनंतर थोरली म्हणून माझ्याकडे. परवाना माझ्या नावावर आहे. नळीवरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे. दस्त्याचं लाकूड आजोबांच्या तळहाताखाली झिजून साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालंय. नळीच्या तोंडाशी तर रंग पार जाऊन लोखंड चांदीसारखं चमकतं. काडतुसं नाहीत. का नाहीत, ते सांगणं भाग आहे, कारण माझा भाऊ भलतंच सांगत फिरतो.

भावाला सगळे कर्नल म्हणतात. फौजेशी त्याचा संबंध इतकाच की त्याला मिश्या आहेत. नोकरी त्याने पाणीपट्टीच्या कचेरीत केली. त्याच्या तोंडून ऐकाल तर आजोबांनी या बंदुकीने दरोडेखोरांची टोळी पिटाळली. दर वर्षी टोळीत दोघे-तिघे नवे भरती होतात.

खरी गोष्ट वडिलांनी आम्हा दोघांना एकाच पाटावर बसवून सांगितली होती. पहाटेच्या धुक्यात आजोबांना कुंपणावरून चढणारा चोर दिसला. त्यांनी आवाज दिला. चोर हलेना. त्यांनी डोळे मिटून चाप ओढला. वखारीचे मालक टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आले.

"चोर कुठाय?"

"पळाला मालक," आजोबा म्हणाले. "पण पँट इथेच टाकून गेला."

"अहो, ती माझी आहे! काल वाळत घातली होती!"

मालक भला माणूस. त्याने नोकरीवरून काढलं नाही, फक्त काडतुसं काढून घेतली. पुढे निवृत्त होईपर्यंत आजोबांनी रिकाम्या बंदुकीने वखार राखली. पहारा उभ्याने द्यायचा असे, म्हणून ते दस्ता जमिनीवर टेकवत, नळीच्या तोंडावर हनुवटी ठेवत आणि छान झोपत. ती चांदी तिथली आहे. इतक्या वर्षांत वखारीतून एक फळीही चोरीला गेली नाही, हेही नमूद करते.

कर्नलच्या मनात आलं, बंदूक नवीकोरी करावी, आपल्या दिवाणखान्यात लावावी आणि खाली पितळी पाटी ठोकावी: 'दरोडेखोरांचा कर्दनकाळ'. पाटी तर त्याने आधीच करून आणली.

"ताई, गंज चढलाय तिला. लाज वाटते."

"गंज नाही तो. झीज आहे."

"तू एवढे सोफे नवे करतेस, तेव्हा नाही झीज आठवत?"

इथे मात्र त्याने नेमकं बोट ठेवलं. कारण शेजारचे हेडमास्तर. त्यांच्या वडिलांची खुर्ची मी नवी करून दिली होती, स्प्रिंगा बदलून, मखमल लावून. हेडमास्तर बसले, उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "काम झकास आहे हो. पण आधी हिच्यात बसलं की वडील मागून ओरडतील असं वाटायचं. आता नाही वाटत." आणि जुना कापूस परत मागायला लागले. तो कधीच कचऱ्यात गेला होता. तेव्हापासून ते त्या खुर्चीत बसत नाहीत, वर्तमानपत्रं ठेवतात.

तरी भावाचं मन मोडू नये म्हणून मी त्याच्याबरोबर बंदूकवाल्याकडे गेले. बंदूक पडद्याच्या कापडात गुंडाळली होती. पुढचं टोक कर्नलकडे, मागचं माझ्याकडे. रस्त्यात कापड घसरलं आणि चपलांच्या दुकानदाराने काही न विचारता शटर खाली ओढलं. कर्नलची छाती चांगलीच फुगली.

बंदूकवाल्याने बंदूक उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "लाकूड घासून घेतो, नळीला नवा रंग देतो," तो म्हणाला. "बाई, तुम्हाला ओळखू येणार नाही. माझ्या केसांसारखी काळीभोर करून देतो."

मी त्याच्या केसांकडे पाहिलं. केस बुटासारखे काळे होते, कानही थोडे काळे झाले होते. मी बंदूक उचलली आणि बाहेर पडले. कर्नल रस्ताभर बोलला नाही. पुढे महिनाभर बोलला नाही. बोलायचं झालं तर भाचीला मधे घाली: "तुझ्या आत्याला म्हणावं, जपून ठेव तुझं भंगार." मीही कमी नव्हते. "तुझ्या बापाला म्हणावं, आधी मिश्यांना रंग लावणं सोड." दोघंही एकाच खोलीत असायचो. पोरीने कंटाळून कानात कापूस घातला, माझ्याच दुकानातला.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात, दुकानाची किल्ली भाचीकडे, आणि भाची दुपारी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलेली. कर्नल पॉलिशपेपर आणि बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी घेऊन दुकानात शिरला. परतल्यावर भाचीने काय पाहिलं, ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"आत्या, बाबा मधोमध उभे. दस्ता जमिनीवर, हनुवटी नळीवर, हातात पॉलिशपेपर, आणि घोरतायत. मी दोनदा हाक मारली. हनुवटी अशी बसली होती ना त्या जागेवर, जणू ती कोणी माप घेऊनच केली असावी."

दस्त्याच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा घासून झाली होती. पॉलिशची डबी उघडलेली नव्हती.

मी घरी आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. कर्नल स्वतःहून समोर येऊन बसला.

"ताई, मी झोपलो नव्हतो. तोल तपासत होतो."

"बरं."

"आजोबांना पाठदुखी नसणार. फार सोयीची उंची आहे." मग म्हणाला, "तो कोपरा मी बिघडवला. तो नीट करून घेऊ का?"

"राहू दे," मी म्हटलं. "तेवढी झीज तुझी."

तो उठून खिडकीशी गेला. एका डोळ्याने मला नीट दिसलं नाही, पण नाक बराच वेळ शिंकरत होता.

सबब, सदर बंदूक माझ्यामागे माझ्या धाकट्या भावाला मिळावी. परवान्याची आणि पोलीस ठाण्यातली सगळी कामं भाचीने करून द्यावीत, कारण कर्नल तिथे गेला तर सलाम ठोकत बसेल. बंदूक घासू नये, रंगवू नये, तिच्यासाठी काडतुसं घेऊ नयेत. पितळी पाटी हवी तर लावावी, पण मजकूर खरा असावा. दुपारच्या वेळी तिचा वापर करण्यास माझी हरकत नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. साक्षीदार म्हणून सही करण्याचा कर्नलने फार हट्ट धरला. पेन नवं आणलं, सही वहीच्या पानभर गिरवून पाहिली. हेडमास्तरांनी समजावलं की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला न राहिलेलं बरं, नाहीतर मिळणारं हातचं जाऊ शकतं.

"म्हणजे सही केली तर बंदूक जाणार?"

"जाऊ शकते."

"आणि ती आहे तशीच मिळणार? रंग नाही, काही नाही?"

"आहे तशीच," मी म्हटलं.

त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते हेडमास्तरांच्या हातात दिलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि तो माझाच आहे.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिले: शेजारचे हेडमास्तर (निवृत्त). यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. यांनाही नाही, आणि त्या तशा बोलूनही दाखवत आहेत.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: महिन्याचा पहिला सोमवार, दुकान बंद