लढाईच्या कोटाचं डावं अस्तर

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (एक नमस्कार गेल्या महिन्यात फोनवरही घातला होता, पण तो पुरता व्हायच्या आत तुम्ही फोन ठेवलात, तेव्हा उरलेला अर्धा यातच धरून घ्यावा.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आई म्हणते, तुम्ही फिरायला जाताना काठी नेता पण टेकत नाही, काखेत धरून चालता. ही शिक्षा काठीला आहे की गुडघ्याला, ते कळवावं. इकडे सर्व क्षेम. म्हणजे आई क्षेम आहे, दुकान क्षेम आहे आणि दुकानातल्या एकोणीस हेल्मेटांपैकी अठरा क्षेम आहेत. एकोणिसाव्याचं पुढे येईलच. माझं म्हणाल तर मी वेळेवर जेवतो. चव लागत नाही, पण ते स्वयंपाकामुळे नव्हे, हे आईला कळवू नये.

मी पाठवलेला कोट पोचून दोन महिने होतील. पोस्टाची पोच आली, तुमची आली नाही. तुमचा राग रास्तच आहे. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडणारा भाचा कुणाला आवडेल? त्यातून मी ते ज्या कारणावरून सोडलं ते कारणच मुळात खोटं निघालं. सरांनी फळ्यावर लढाईची जी तारीख लिहिली ती चूक आहे म्हणून मी भर वर्गात उभा राहिलो, पुस्तक उघडून दाखवलं, सर हसले तसा पुस्तक बाकावर आपटून बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. पुढे कळलं की छपाईची चूक माझ्याच पुस्तकात होती. पण तोवर मी फाटकाबाहेर होतो, आणि फाटकाबाहेर गेलेल्या माणसाला आत येऊन 'चुकलो' म्हणायला जो घसा लागतो तो आपल्या घराण्यात कुणाला आहे? (रागावू नका. आई तर म्हणते, मी सगळा तुमच्यावरच गेलोय.) पदवीचा कागद हातात असल्याशिवाय माझा उंबरा ओलांडायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. मी ते पाळलं. मी आलो नाही, कोट आला. कोटाला पदवी लागत नाही, दाखला मी सोबत जोडलाच होता.

त्या दाखल्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी दुकान समजल्याशिवाय दाखला समजायचा नाही. आमचे मालक मोडीत निघालेल्या घरांतलं सामान एकगठ्ठा घेतात. त्यात लढाईतलं म्हणून जे निघतं (बिल्ले, पाण्याच्या बाटल्या, होकायंत्रं, पट्टे) ते पारखायचं काम माझ्याकडे, कारण दुकानात इतिहास अर्धवट का होईना शिकलेला मी एकटाच. बाकीच्यांनी तो सुरूच केलेला नाही. खरं सांगायचं तर ही विद्या कॉलेजची नाही, तुमची. लहानपणी तुम्ही लष्करी भांडारातून सुट्टीवर आलात की माझे डोळे बांधून हातात दोन घोंगड्या द्यायचात आणि यातली फौजेची कुठली म्हणून विचारायचात. त्याच बोटांवर मी आज उभा आहे. होकायंत्राच्या स्क्रूवर अधिकाची खूण (म्हणजे नव्या जमान्याचा स्क्रू) दिसली की मी ते उजेडातसुद्धा नेत नाही. गंज मीठपाण्याचा असेल तर तो सगळीकडे सारखा चढतो. खऱ्या गंजाला आवडीनिवडी असतात. कोट खरा वापरलेला असेल तर कोपरं आणि मनगटं झिजतात. नकली कोट पॉलिशपेपरनं अंगभर घासलेला असतो, जणू शिपाई जमिनीवरून लोळतच लढला. आणि कसर, मामा, कधी गोल भोक पाडत नाही. ती खाते, पंच मारत नाही. सगळ्यात वरचा नियम म्हणजे अस्तर उसवायचं नाही. शौकीन लोक फाटका कोट घेतील, डागाळलेला घेतील, पण ज्याचं अस्तर एकदा उसवलंय तो हातात धरणार नाहीत. अस्तर उसवणं म्हणजे कोट मारणं.

तर हा कोट जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात अगदी तळाशी होता. जाड लोकरी कापड, कॉलरच्या आत शाईचा नंबर, खिशाला जुन्या पेटीचा वास, चौथं बटण गायब. मी हात लावला आणि तुमचे बांधलेले डोळे आठवले (म्हणजे तुम्ही बांधलेले माझे). हा खरा. दुपारी आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, दंतवैद्य, आले. हे गृहस्थ निवृत्त आहेत, पण सवय गेलेली नाही. पितळी बटण दिसलं की आधी जीभ लावतात. बटणं त्यांना पटली. मग त्यांनी खिशातून एक निळा दिवा काढला. त्याच्या उजेडात नवा धागा आणि नवा साबण काजव्यासारखे चमकतात. खांद्याची शिवण चमकली. मी म्हणालो, कुणीतरी धुतला असेल. ते म्हणाले, धुतलेल्या कोटाला असा वास येत नाही. मी म्हणालो, आपण दातांपुरतं बोलावं. हे म्हणताना हात काउंटरवर जरा जोरात पडला असावा, कारण फळीवरचं एकोणिसावं हेल्मेट खाली आलं आणि त्याच्या गंजाचा पापुद्रा उडून आतून अग्निशामक दलाचा लालभडक रंग दिसला. तेही मीच पारखलेलं होतं.  दंतवैद्य ज्या प्रकारे चष्मा पुसत राहिले त्याला माझ्या मते अब्रुनुकसानी म्हणतात.

आता समोरच्या दुकानाबद्दल. (हे विषयांतर नाही.) आमच्यासमोर मास्तरांचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान आहे आणि खिडकीतल्या मशिनवर मास्तरांची भाची बसत असे. मास्तर तिला उसवणी म्हणत, कारण वाकडी शिवण दिसली की ती स्वतःची असो, मास्तरांची असो वा गिऱ्हाइकाच्या अंगावरची असो, तिचे हात थांबत नसत. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकं. मी तिला पहिल्यांदा पँटची लांबी कमी करायला दिली. मग दुसरी दिली. मग पहिलीच परत दिली. परिणामी आज माझ्या सगळ्या पँटी घोट्याच्या चार बोटं वर आहेत आणि आई पाहुण्यांना सांगते की पोराची उंची अजून वाढतेय. कमी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी कोट नेला. चौथं बटण लावायचं, अस्तराला हात लावायचा नाही, असं निक्षून सांगितलं. आणि आतल्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. तीन कच्च्या चिठ्ठ्या फाडून चौथी ठेवली होती. तिच्यात एवढंच होतं: माझ्याशी लग्न कराल का? कोट परत देताना सांगितलंत तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, तोंडानं विचारायचं. मामा, तुमच्यासमोर तरी मी तोंड उघडून कधी काही नीट सांगू शकलोय का?

चिठ्ठी खिशात गेली आणि पुढच्याच मिनिटाला घात झाला. तिनं कोट उलटा केला, शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी पेटवून त्याला लावली. धाग्याच्या टोकाशी काळा मणी झाला. "सुती असता तर राख झाली असती," ती टाचण्यांमधून म्हणाली. "हा वितळला. लढाईत कुठला आलाय हा धागा? कुणीतरी अलीकडे घरी बसून शिवलाय. हात चांगला आहे." बस्स. डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, तुम्हांला शिवण कळते, इतिहास कळत नाही. तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून गादीत खोचल्या. सात होत्या. मग म्हणाली, "इतिहास म्हणजे दुसऱ्या वर्षापर्यंतचाच ना?"

मी ताडकन बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडल्यावर आठवलं की चिठ्ठी आत आहे. परत जाऊन 'जरा खिसा बघू' म्हणायचं? (घशाबद्दल वर लिहिलंच आहे.) तीन दिवस मी आमच्या काचेआडून त्यांच्या काचेकडे पाहत होतो. चौथ्या दिवशी ती स्वतः कोट घेऊन आली. बटण लावलेलं, कोट इस्त्री केलेला, खिसा रिकामा. म्हणाली, "अस्सल वाटतोय तोवर उसवू नका. नकली आहे असं मनापासून पटलं, की डावं अस्तर खालून सहा इंच उसवा. कच्चा टाका घातलाय, ओढला की सुटेल." आणि गेली. चिठ्ठीबद्दल चकार शब्द नाही. मी ऐकलं ते असं, की एक तर नकार आणि वर कोटाचा अपमान. त्याच दुपारी मी बसून दाखला लिहिला: 'कोट अस्सल लढाईतला, डाव्या अस्तरासह सर्व शिवण मूळ, कुठेही उसवलेली नाही.' सही केली, शिक्का मारला आणि ज्या एका माणसाच्या पारखीपुढे मी मान तुकवतो त्याच्याकडे पार्सल करून टाकला. तिनं दुकानातून मला पार्सल बांधताना पाहिलं. मशिन चालू होतं, ते थांबलं. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या बहिणीकडे निघून गेली, तिथल्या गणवेश शिवायच्या कारखान्यात. तेव्हापासून खिडकीतल्या मशिनवर फुलाफुलांचं कापड घातलेलं आहे. मास्तर दुसऱ्या मशिनवर बसतात, त्याचा आवाज वेगळा आहे, जाड. तिचं मशिन शिवणीच्या शेवटाला जरा सावकाश व्हायचं, मग दोन टाके मागे, मग कात्री. हे मला कधी पाठ झालं ठाऊक नाही. हल्ली बिल्ले घासताना माझाही हात शेवटाला सावकाश होतो आणि मालक विचारतात, झोप लागली काय रे. परवा दुकानात टाचण्यांची गादी आली, पितळी बैठकीची, शंभर वर्षांपूर्वीची असावी. मी ती पारखली नाही. फळीवर ठेवून दिली, तोंड रस्त्याकडे करून. गादीला तोंड नसतं, मला ठाऊक आहे.

आणि काल मास्तर चहाला आले. बशी खाली ठेवत सहज म्हणाले, "काय रे, उत्तर वाचलंस का नाही? दोन महिने झाले." मी म्हणालो, कसलं उत्तर? तर म्हणाले, "अस्तरात शिवलं होतं ना पोरीनं. माझ्यासमोर लिहिलं, माझ्यासमोर घातलं." मी विचारलं, काय लिहिलं? म्हणाले, "मी काय परक्याचं वाचतो?" मग निदान पत्ता द्या म्हणालो. तर म्हणाले, "आधी वाच. हो असेल तर पत्ता देतो. नाही असेल तर पत्त्याचं तुला काय काम?" ती या महिन्याच्या अखेरीला मशिन न्यायला येणार आहे. बोलायचं असेल त्यानं तेव्हा बोलावं, मग काही ती इकडे यायची नाही, असंही म्हणाले. तिला तरी काय सांगणार, मामा? की तुमचं उत्तर मी न वाचता मामांना पार्सल केलं, मूळ शिवण असल्याच्या दाखल्यासह?

बाकी विशेष नाही. मामींना नमस्कार. काठी टेकत जावी.

तुमचा आज्ञाधारक
(हसू नये)
भाचा

ता. क. कोट नकली आहे. खांद्याचा धागा नवा आहे, आणि कसरीची भोकं गोल आहेत. ती मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मला तो खरा असायला हवा होता, म्हणून मी त्यांना गोल म्हटलं नाही. तुम्ही हे पार्सल उघडताक्षणी ओळखलं असणार आणि म्हणूनच गप्प असणार. दाखला फाडून टाकावा. पत्रात 'चुकलो' असं कुठे दिसलं नाही तर ते इथे आहे: चुकलो. सरांच्या तारखेबाबतही.

ता. क. २ आता कोट मेलाच आहे, तर डावं अस्तर खालून सहा इंच उसवावं ही विनंती. मामींना सांगावं, कात्री नको, कच्चा टाका आहे, ओढला की सुटेल. आत कागद असेल तो न वाचता परतीच्या टपालानं पाठवावा. आज अठरा तारीख आहे. टपालाला चार दिवस जायला, चार यायला. तुम्ही रागाला दोन दिवस घेतलेत तरी जमेल, त्याहून जास्त नको.

ता. क. ३ तुम्ही वाचणारच. मीही वाचलं असतं. तेव्हा असं करावं: हो असेल तर कागद पाठवावा. नाही असेल तर पाठवू नये. मामींकडून ती सहा इंच शिवण परत घालून घ्यावी, पक्क्या टाक्यानं, आणि मला कार्डावर फक्त एवढंच लिहावं की कोट अस्सल आहे. मी तुमच्या पारखीला कधी उलट बोललेलो नाही.