चंद्रोदयाचं पॅकेज

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी. दुपारी ३

वहीत पुढून घरचा हिशेब, मागून हे. नवी वही घेण्याइतकं काही मोठं नाही.

आज लॅपटॉपने पिवळ्या अक्षरांत सांगितलं की 'चंद्रोदय' हे पॅकेज आता कोणी सांभाळत नाही, लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत ते राहणार नाही. इतकी वर्षं दर संकष्टीला मी एक ओळ टाइप करते आणि नांदुऱ्याला चंद्र किती वाजता उगवणार ते कळतं. हर्षलने कॉलेजात असताना माझ्यासाठी बनवलं. पायथनमधली छोटीशी लायब्ररी आहे. मग त्याने ती आपल्या लिनक्सवाल्या मंडळींकडे पॅकेज करून दिली, म्हणजे जगात कुणालाही फुकट मिळावी. लॅपटॉपही त्याचाच जुना. तो पुण्याला नोकरीवर गेला त्याला आता पाच वर्षं होतील.

सांभाळणाऱ्याच्या जागी त्याचं नाव असायचं. तिथे आता 'अनाथ' लिहिलंय. इंग्रजीत आहे, पण अर्थ तोच.

अनाथ काय म्हणून? आई बसली आहे ना.

ठरवलं. मी सांभाळणार. मॅट्रिक आहे, बासष्ट टक्के. आठ दिवसांचं काम. गणपती बसायच्या आत हातावेगळं.

हर्षलला आत्ता सांगायचं नाही. कामात असतो.

१५ ऑगस्ट

विषय समजला. सोपा आहे. लायब्ररी म्हणजे तयार मसाला. प्रत्येकाने आपापल्या घरी कुटत बसायचं नाही. पॅकेज म्हणजे त्याची पुडी. वर नाव, आत काय आहे, कोणी बांधली, आणि ती चालायला आणखी कोणत्या पुड्या घरात हव्यात. एक पुडी सगळ्या प्रोग्रामांनी मिळून वापरायची. आजकालचे लोक म्हणे प्रत्येक प्रोग्रामसोबत सगळा मसाला वेगळा देतात. उधळपट्टी. इथली मंडळी तसं करत नाहीत. माझं त्यांच्याशी जमणार.

मंडळींना मेल केली. नागपूरच्या अनुपमा म्हणून एक आहेत, नोकरी सांभाळून हे काम बिनपगारी करतात. त्यांनी मराठीतच उत्तर दिलं. पायथनची नवी आवृत्ती आली, तिने जुनी एक पद्धत सोडली, म्हणून हर्षलची लायब्ररी अडते. तेवढं दुरुस्त करायचं, पुडी नव्याने बांधायची. दहा ऑक्टोबरला सगळं गोठवतात. त्यानंतर आत काही घेत नाहीत.

दोन महिने आहेत. आठ दिवस पुरतात.

१९ ऑगस्ट

अनुपमाने एक पान दाखवलं. कोणतं पॅकेज किती मशीनवर आहे त्याची मोजणी. मशीन स्वतःच दर आठवड्याला यादी पाठवतं. मला वाटलं, उपास करणाऱ्या बायका हजारो, आकडा मोठा असेल.

आकडा २.

एक मी. दुसरा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे पुण्यात बसून हर्षल दर संकष्टीला आमच्या गावचा चंद्र पाहतो. बोलत नाही, स्वभाव आहे. ह्यांच्यावर गेलाय.

आज जेवणात मीठ दोनदा पडलं. लक्ष नव्हतं, असं काही नाही.

२३ ऑगस्ट

आठ दिवस झाले. अजून बांधून झालं नाही. कारण क्षुल्लक होतं. कोणतंही काम सुरू करताना वर श्री लिहायचा, एवढं तरी आपण पाळतो. मी पॅकेजच्या मुख्य फाइलीत पहिल्याच ओळीत श्री गणेशाय नमः लिहिलं होतं. मशीन तीन दिवस 'पहिल्या ओळीत चूक' एवढंच म्हणत होतं, आणि मी खालच्या चाळीस ओळी तपासत होते.

अनुपमाने सांगितलं, काकू, श्रीच्या आधी हे चौकटीसारखं चिन्ह टाका, मग मशीन ती ओळ सोडून पुढे वाचतं. म्हणजे देव जागेवर आहे, मशीनला दिसत नाही एवढंच. चालेल.

हे दुकानातून जेवायला आले. आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, स्टेशनच्या बाजूला. म्हणाले, "काय करून राह्यली व दुपारभर?" मी म्हटलं, चंद्र वाचवून राह्यली. म्हणाले, बरं, पापड भाज.

२ सप्टेंबर

अनुपमाची मेल आली. रोज येते. सकाळी चारदा पाहते, कामाचं असतं म्हणून. घरात बोलायला कोणी लागतं अशातला भाग नाही.

देवळात जयमालावहिनी भेटल्या. त्यांचा मुलगा इथेच बँकेत, रोज संध्याकाळी आईला घेऊन देवळात येतो. विचारलं, "हर्षल येऊन राह्यला का दिवाळीले? फोन तरी करते का तो?" मी म्हटलं, फोनपेक्षा पक्की सोय आहे आमची. त्यांना काय कळणार. प्रसाद दोनदा घेतला त्यांनी.

१० सप्टेंबर, बुधवार. संकष्टी. सकाळी

पुडी बांधून झाली. मशीनने एकही चूक काढली नाही. रात्रीचा चंद्रोदय काढून पाहिला, बरोबर.

भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ मुंबईची. आमच्याकडे चंद्र त्याच्या तेरा मिनिटं आधी येतो. हर्षलनेच शोधलं होतं ते. सेकंड इयरला होता. म्हणाला, "आई, तू दर महिन्याला तेरा मिनिटं फुकटची उपाशी राह्यते." आणि रविवारी दिवसभर बसून हे बनवलं. तेरा मिनिटांसाठी.

दुपारी ४

अनुपमाची मेल. काम नीट झालंय म्हणते, माझ्या नावाने घ्यायला तिची हरकत नाही. पण वरची मंडळी म्हणतात, दोनच मशीन, त्यातलं एक स्वतः सांभाळणारीचं. एवढ्यासाठी जागा का अडवायची. दुसरा कोणी वापरत असेल तर त्याने एक ओळ लिहून द्यावी, 'मी हे वापरतो'. मग ठेवतील. तुमचा मुलगा वापरतो म्हणालात ना, त्यालाच सांगा, मिनिटाचं काम.

मिनिटाचंच आहे. उद्या फोन करते.

११ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. चांगल्या कामाचा विषय या दिवसांत काढू नये.

१४ सप्टेंबर, रविवार

तसं मुलाशी बोलायला पितृपक्ष लागत नाही. पण रविवार. आठवड्याचा झोपतो बिचारा.

तोवर तपासण्या लिहिते. लायब्ररी बरोबर चालते की नाही हे मशीनने आपोआप पाहावं म्हणून. अनुपमाने तीन सांगितल्या होत्या. मी वर्षभराच्या सगळ्या संकष्ट्यांच्या लिहिल्या.

१७ सप्टेंबर

फोन लावला. एक रिंग गेली, मी बंद केला. मीटिंगमध्ये असेल. त्याचा उलट फोन आला नाही, म्हणजे मीटिंगमध्येच होता. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

आणखी चोवीस तपासण्या. आता खामगाव, बुलढाणा, दोन्हीकडचा चंद्र तपासून होतो.

२२ सप्टेंबर. घटस्थापना

नऊ दिवसांचा उपास धरला. आवाज खोल जातो. असा आवाज ऐकून पोरगं घाबरायचं. दसऱ्यानंतर करू.

२७ सप्टेंबर

अनुपमाने विचारलं, मुलगा काय म्हणाला? मी लिहिलं, हो म्हणालाय, सवडीने लिहील. हे खोटं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाला असता.

पॅकेजची माहिती मराठीतही लिहून काढली. अनुपमा म्हणाली, काकू, एवढं कोणी मागितलं नव्हतं.

हे म्हणाले, दुकानातला कॉम्प्युटर फार हळू झालाय. तोही हर्षलने बसवून दिलेला. खामगावहून अविनाश नावाचा रिपेअरवाला बोलावलाय. आज दिवसभर त्याच्याच नादी होते, जेवायला चार वाजता आले.

२ ऑक्टोबर. दसरा

हर्षलचा फोन आला. त्याने स्वतः केला. तो मित्रांबरोबर कुठे डोंगरावर गेलाय, वारा फार होता. दोन मिनिटं बोलला. त्यातलं दीड मिनिट ह्यांच्याशी. मी 'हर्षल, ते चंद्रोदय' एवढं म्हणेपर्यंत आवाज तुटला. डोंगरावर रेंज नसतेच.

दोनदा मेसेज टाइप केला आणि पुसला. मेसेजमध्ये सांगण्यासारखं नाही ते. समोरासमोर सांगण्यासारखं आहे.

४ ऑक्टोबर

मोजणीचं पान पाहिलं. आकडा १.

चूक असणार. परत पाहिलं. जेवून पाहिलं.

६ ऑक्टोबर

विचार केला. तीन शक्यता. एक, हर्षलने नवा लॅपटॉप घेतला, जुन्यातलं नव्यात घ्यायचं राहिलं. दोन, डोंगरावर गेलाय, लॅपटॉप बंद, म्हणून यादी गेली नाही. तीन, त्याने मोजणीला परवानगी देणंच बंद केलं, आजकाल सगळे सावध असतात. तीन नंबरचं पक्कं वाटतं. पोरगा पहिल्यापासून सावध.

चौथी शक्यता नाही.

७ ऑक्टोबर

हे घरी नव्हते. अविनाश दुकानाची चावी द्यायला घरी आला. पाणी दिलं. कॉम्प्युटर आता पळते म्हणाला. मग म्हणाला, "काकू, त्याच्यावर जुनं लिनक्स होतं. दर आठवड्याले कुठंतरी यादी पाठवून राह्यलं होतं, चंद्रोदय अन् काय काय. सगळं साफ करून टाकलं. कामाचं नव्हतं न काही?"

मी म्हटलं, नाही.

तो गेल्यावर पेला उचलायचा राहिला. संध्याकाळी ह्यांनी उचलला. ह्यांनी पेला उचलायची ही पहिली वेळ असेल.

८ ऑक्टोबर

दुकानातला गेला म्हणून पुण्यातला नव्हताच असं सिद्ध होत नाही. मोजणीत नसेल. परवानगी दिली नसेल. विचारल्याशिवाय कसं कळणार.

परवा शेवटचा दिवस. परवा नक्की.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी. संध्याकाळी ६

पाच वाजता फोन लावला. तिसऱ्या रिंगला घेतला. कुठेच नव्हता, घरीच होता. वारा नाही, मीटिंग नाही. रेंज पूर्ण.

"बोल आई. जेवली का?"

संकष्टीच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.

मी थांबले थोडं. म्हटलं त्याला आठवेल.

"आई? ऐकू येतं का? जेवली का तू?"

"हाव," मी म्हटलं. "जेवली."

मग त्याने विचारलं, काही काम होतं का. मी म्हटलं, नाही, सहज. दिवाळीचं विचारलं. पाहतो म्हणाला. अकरा मिनिटं बोलला, चांगला बोलला. नवीन फ्लॅटमध्ये पाणी चोवीस तास आहे.

अनुपमाला लिहिलं: मुलगा वापरत नाही. मी एकटीच वापरते. काढून टाका, मंडळींचा खोळंबा नको. तुम्हाला दोन महिने त्रास दिला. फक्त एक सांगा, तुमच्याकडून काढलं तरी माझ्या लॅपटॉपवर आहे ते राहील ना?

लगेच उत्तर आलं. राहील काकू, पुढचं मोठं अपडेट घेईपर्यंत.

ठरवलं. आजपासून अपडेट बंद.