बेचाळिसाव्याचा डावा डोळा

३ जून
पार्सल आलं. फळीवरच्या टकल्या बाहुल्याचा जोडीदार. फोटोत धडधाकट होता, खोक्यातून काढला तर उजवा पंजा मनगटातून सुटलेला. विकणाऱ्याला मेसेज टाकला, 'दादा, तुमचा पैलवान हरूनच आला की.' त्यानं नुसता अंगठा पाठवला. गरम पाण्यात मनगट मऊ करून पंजा बसवला. बसला.
एकेचाळीस झाले. पिंजऱ्यात मारामारी करणारे एकेचाळीस दांडगे, वीतभर उंचीचे, आणि त्यांची मालकीण गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारी अडतीस वर्षांची बाई. शेजारणींना अजून वाटतं की हे माझ्या धाकट्या भावाचं, विकासचं वेड आहे. त्यानं पहिला आणला तेवढंच. बाकीचे चाळीस माझे.
आज म्हणाला, "ताई, याचे डोळे तू नको काढू. हाय तसेच राहू दे."
का रे?
"सगळे माझ्याकडंच बघतात."
एवढा सहा फुटी गडी, कान मोडलेला. लई हसले.

५ जून
नव्याचे डोळे पुसलेच. नेलपेंट काढायच्या पाण्यानं. कंपनीचे डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके, बाजारातल्या मासळीसारखे. झिरो नंबरच्या ब्रशनं नवे काढले.
वि. म्हणतो ते खोटं नाही. पाटापुढं बसलेल्या माणसाशी नजर जुळावी म्हणून गणपतीची बुबुळं आम्ही किंचित खाली उतरवतो. वीस वर्षं हात तेच करतोय, तो पैलवानाला वेगळं काय देणार? अंग मारायला उठलेलं आणि डोळे आशीर्वाद देणारे. पुढच्या दाराकडं जायच्या बोळकांडीत दोन्ही अंगांना फळ्या आहेत, तिथून कुणीही जावो, एकेचाळीस जण त्याच्याकडं बघतात. मला बरं वाटतं. घरात माणसं असल्यासारखं.

९ जून
सकाळी डाव्या फळीवरचे तिघे भिंतीकडं तोंड करून उभे होते. काल संध्याकाळी पुसून मीच सरळ लावले होते. उजवी फळी जागच्या जागी. उंदीर म्हणावा तर उंदीर काय अबाउट टर्न करतो?

१० जून
परत. आज पाच. लहान्या तर फळीवरून खाली पडलेला, पण उभाच.
वि.ला विचारलं. "मला काय म्हाईत," म्हणाला आणि पोळी मोडत राहिला. आजकाल ताटाकडं मान वाकडी करून जेवतो. सांगितलं, सरळ बस, पाठीला बाक येईल. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून हेच सांगतेय.

१३ जून
त्याची पुण्याची लढत ठरली. बारा जुलै. पहिली मोठी. पोस्टरवर नाव येणार. खर्ड्याच्या जत्रेत लाल मातीत नारळावर कुस्ती खेळायचा ते पोर, आता पिंजऱ्यात उतरणार. मला इतका आनंद झाला की कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. शबानानं दोन घेतले.
ठरवलं. बेचाळिसावा मी स्वतः करणार. विकासचाच. मोडके दोन बाहुले आहेत, एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं. कान मातीनं भरून घेईन.
न्हाणीतून त्याचा आवाज येत होता. काहीतरी पुटपुटत होता. म, र, ग. प, द, ल, न. पुन्हा तेच. पुन्हा. तालीम सोडल्यापासून मारुतीचंसुद्धा नाव न घेणारा, हा कसला जप करतोय? दाराशी थांबले तर आवाज बंद झाला.

१५ जून, रविवार
सुट्टी. दिवसभर बेचाळिसाव्यावर. कान हुबेहूब. नाक जरा वाकडं, तेही हुबेहूब. उजवा डोळा एका दमात बसला.
डावा बसेना.
मी हे लिहितेय खरी, पण माझ्या बाबतीत असं होत नाही. डोळे जोडीनं बसतात, दोघांना मिळून एकच जागा बघायची असते. याचा उजवा माझ्याकडं बघतो आणि डावा कुठंच नाही. पुसला. पुन्हा काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रंग वाळताना तडकला, बारीक जाळी धरली. नवी बाटली, नवा ब्रश. चौथ्यांदा न बघता झाकून ठेवला.

१७ जून
शेठनी बोलावलं. टेबलावर बारा गणपती, दीड फुटी, शनिवारी माझ्याच हातून गेलेले.
"मंगल, हाताला काय झालंय? नजर बघ यांची."
बघितलं. बाराही डावे डोळे तसेच. सोंडेपासून मुकुटापर्यंत सगळं सुरेख, आणि डावा डोळा आपल्या मागं कुणी उभं असल्यासारखा भलतीकडं. शेठ चांगले आहेत, ओरडले नाहीत. "चष्मा बघून घे," म्हणाले.
दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. माझे डोळे ठणठणीत. तिथं भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वरून दुसरी ओळ, म र ग. खालची प द ल न.
पुढं काय विचार करायचा ते कळेना. रिक्षानं घरी आले.

१९ जून
शबानाला बेचाळिसावा दाखवला. डबा खाताना. शबाना पितांबर, दागिने, उंदीर सगळं रंगवते, डोळ्याला मात्र हात लावत नाही. पहिल्या दिवशीच शेठना सांगितलेलं, "जीव घालायचं काम माझं न्हाई, ते अल्लाचं." तेव्हापासून तिच्या मूर्ती आंधळ्याच माझ्याकडं येतात आणि मी डोळे देते. अकरा वर्षं आमचं छान चाललंय. माझ्या फळ्या बघायला ती कधी घरी आली नाही, बोलावूनही. "तिथं नमाज व्हनार न्हाई गं," म्हणते.
आज तिनं बाहुली हातात घेतली नाही, पोळीच्या फडक्यावर ठेवायला लावली. बराच वेळ बघितलं.
"तुझा हात न्हाई चुकला. तू बघितलं तेच काढलं."
मी कुठं काय बघितलं?
"तू बघितलं. तुला म्हाईत न्हाई एवढंच."


२२ जून
चहा दिला. नेहमी समोरून देते, आज डाव्या अंगानं गेले आणि कप त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर धरला. गरम वाफ. तो मोबाईल बघत होता. मी धरून उभी. बोट भाजलं तरी धरून उभी.
"ताई, चहा टाकतीस ना?" त्यानं स्वयंपाकघराकडं बघून हाक मारली.
कप पडला.
मग सगळं निघालं. मार्चमध्ये सरावात कोपर लागलं. आधी ठिणग्या, मग कोपऱ्यातून काळा पडदा. आता अर्ध्याहून जास्त काळं. एका डॉक्टरला गुपचूप दाखवलेलं, ते म्हणाले, आतला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन, मारामारी कायमची बंद. एक फटका पुन्हा बसला तर तो डोळा गेलाच म्हणून समज. लढतीच्या आदल्या दिवशी डोळे तपासतात, म्हणून तक्ता पाठ केलाय.
रोज पहाटे पळायला जाताना डाव्या फळीला खांदा लागतो, ते त्याला दिसतच नाही. चाचपडत उचलून ठेवतो, तोंड कुठं हे कळत नाही. परतताना मागच्या दारानं आधी न्हाणीत. उंदीर सापडला म्हणायचा.
रडले मी. तो नाही रडला.

२४ जून
बोलणं नाही, नुसती भांडणं. शेवटी म्हणाला, "सत्तावीस वर्षांचा हाय मी. ही गेली तर परत लढत न्हाई. तू कुणाला सांगितलं ना, तर ह्या घरात पाय ठेवनार न्हाई. बघ."
तो बोलतो तसं करतो. लहानपणी एकदा रुसून उसात जाऊन बसला होता, दीड दिवस.
वाढलेलं ताट तसंच.

२६ जून
त्याच्या प्रशिक्षकाला फोन केला. सर म्हणतात सगळे. म्हटलं, सर, विकासच्या डोळ्याचं जरा...
"ताई, तुमी काळजी करू नका. एका डोळ्यानं जिंकलेले लई बघितलेत मी."
म्हणजे यांना माहीत आहे. आधीपासून. आवाज इतका गोड की जिलबी बुडवावी. फोन ठेवल्यावर हात धुतले, का कुणास ठाऊक.

२८ जून
वि. पुण्याला गेला. सरांकडंच राहणार लढतीपर्यंत. निघताना पाया पडला. बोळकांडीतून जाताना मी पुढं होऊन डावी फळी अंगानं झाकली. खांदा मला लागला.

१ जुलै
शेठनी वीस मूर्ती परत तपासल्या. सगळ्या नजरा नीट. "बघ, चष्म्यानं फरक पडला," म्हणाले. चष्मा घेतलाच नाही मी.

३ जुलै
सकाळी डाव्या फळीवरचे सगळे भिंतीकडं. एकवीसच्या एकवीस.
घरात मी एकटी. दोन्ही दारांना आतून कडी. खिडकी त्या बाजूला नाहीच.
तोंडं सरळ केली. टकल्याला हात लावताना तो कोमट लागला. ऊन पडलं असेल. तिथं ऊन येत नाही.

४ जुलै
परत. सरळ केले नाहीत. कामाला गेले.

५ जुलै
शबानाला सगळं सांगितलं. फळीचंही. म्हटलं, हसशील. नाही हसली.
"त्यांना बघवत नसंल," म्हणाली. "आन् तू काय बघत बसलीस?"
म्हटलं, सांगितलं तर तो घर सोडेल. माझं दुसरं आहे कोण?
"न्हाई सांगितलं तर त्याचं दुसरं काय ऱ्हानार?" मग डबा बंद करत, "माझ्या भावाचं असतं तर मी विचारायला थांबले नसते. वाईट झाले असते, पन थांबले नसते."
तिला बोलायला काय जातं? रागच आला. तिचे भाऊ तीन आहेत. घरी येईपर्यंत राग गेला आणि उरलं तेच.

८ जुलै
वि.चा फोन. स्वतःहून. लढतीच्या गप्पा, खाणं, वजन, पोस्टर. दोन-तीनदा हसला. जुना विक्या. ठेवताना म्हणाला, "ताई, तू येशील ना बघायला?"
येते म्हटलं.
मी त्याला वाढवलंय. तो मला माफ करेल असं सारखं मनात येतं, आणि तो माफ करणारा नाही हेही मलाच सगळ्यात जास्त माहीत.

१० जुलै
शेठकडून दोन दिवस सुट्टी घेतली. कारण लग्न सांगितलं. पुण्याची गाडी सकाळी सहाची.

११ जुलै, पुणे
हॉलच्या मागं तपासणीची खोली. बाहेर लांब बोळ, बाकडी, वजन घटवलेली ओठ सुकलेली पोरं. वि. अजून आला नव्हता. डॉक्टर तरुण होत्या, बाई. आत गेले आणि बोलून टाकलं. तीन वाक्यं. दुसऱ्या वाक्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" म्हटलं, बहीण.
त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला आणि कपाटातून दुसरा आणला.
मी बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पळून जायला पाहिजे होतं. थांबले.
तो आला, सरांबरोबर. आत गेला. दार लागलं. पाठ केलेली अक्षरं मी मनात म्हणत होते, म र ग, जणू त्यानं काही होणार होतं.

१२ जुलै, नगर
काल पुढं लिहवलं नाही.
पंधरा मिनिटांनी दार उघडलं. आधी सर बाहेर, फोनवर कुणावर तरी ओरडत. पोस्टरवरून नाव काढायचं म्हणत होते. मग वि. हातात कागद. तोंडावर काही नाही, राग नाही, रडू नाही. तो माझ्याच दिशेनं चालत आला. बोळ अरुंद. मी भिंतीला लागून, त्याच्या डाव्या हाताला. दोन हातांवर आला, एक हात, त्याच्या अंगाचा घामाचा वास आला, बाही माझ्या साडीला घासली.
आणि तो पुढं निघून गेला. पावलाचा वेगसुद्धा बदलला नाही.
रात्री साडेनऊपर्यंत तिथल्या स्टँडवर बसले. फोन बंद. आजही बंद. सरांचाही.
पडदा इतका पुढं आला असेल तर मी त्याला दिसलेच नसेन, मग दोन दिवसांत चिडून फोन करेल, विचारेल, शिव्या देईल, येईल. दिसले असेन तर नाही येणार.
हाक मारली असती तर तेव्हाच कळलं असतं. तोंड उघडलं होतं मी. मारली नाही.