टेपचं दुसरं टोक

तीर्थरूप बाबा,

तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण तुमच्याशी भांडायचंय.

तुमच्या हातांवर होते तसलेच पांढरे खवले माझ्या कोपरांवर आलेत. सोरायसिस. डॉक्टरबाईंनी मलमही तसंच दिलंय, डांबराच्या वासाचं. डबी उघडली आणि तुमचं अख्खं शिवणकामाचं दुकान आठवलं. मशीनची खडखड, भर उन्हाळ्यात तुमच्या लांब बाह्या, आणि काळं कापड आलं की सारखं झटकत बसणं.

रस्ता ओलांडताना तुम्ही कधी हात दिला नाहीत. गळ्यातली टेप काढून तिचं एक टोक माझ्या मुठीत द्यायचात. "घट्ट धर गं चिमणे, सुटलीस तर बघ!" मला वाटायचं, सगळ्याच शिंप्यांच्या पोरी असाच रस्ता ओलांडतात.

काल डॉक्टरबाईंना विचारलं, "माझ्या लेकीला लागण होईल?"

"हात लावून हा पसरत नाही हो. घराण्यातून मात्र येऊ शकतो."

म्हणजे बाबा, यायचं ते आलंच. हात तेवढा उगाच राखलात.

बाहेर पडल्यावर लेकीचा हात धरून रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर ती कुरकुरली, "आई, सोड ना आता."

मला सोडवेना.

तुमच्यावर रागावलेली,
चिमणी